६२वी निवड : लेन हटसन आणि उंचीचा हिशेब

८ जुलै २०२२. माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, या आइस हॉकीच्या लीगच्या ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याचा, दुसरा दिवस. दुसरी फेरी संपत आली होती आणि ६१ नावं पुकारून झाली होती. ६२वं नाव यजमान माँट्रियल कॅनेडियन्सनी घेतलं : लेन हटसन. बचावपटू, वय १८, उंची सुमारे ५ फूट ८ इंच, वजन ७० किलोच्या आसपास.

त्यानंतरची तिसरी उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत हा मुलगा कॅल्डर ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान, घेऊन बसला होता. २०२४-२५ च्या मोसमात तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. ६ गोल, ६० असिस्ट (गोलला हातभार लावणारे पास), ६६ गुण (गोल आणि असिस्टची बेरीज). नवोदित बचावपटूने एका मोसमात ६० असिस्ट देण्याचा विक्रम १९८०-८१ पासून लॅरी मर्फीच्या नावावर होता, त्याच्याशी हटसनने बरोबरी केली. कॅनेडियन्सच्या नवोदित बचावपटूंमध्ये ख्रिस चेलियसचे १९८४-८५ मधले ६४ गुण सर्वाधिक होते, तेही त्याने मागे टाकले. या संघाच्या खेळाडूला कॅल्डर मिळाली ती १९७२ मधल्या केन ड्रायडननंतर पहिल्यांदाच.

अशी गोष्ट ऐकली की लगेच म्हणावंसं वाटतं, ‘बघा, उंचीला आता काही अर्थ राहिलेला नाही.’ मी हे प्रकरण अभ्यासाला घेतलं ते हेच वाक्य तपासायला. तपासल्यावर ते मला अपुरं वाटलं. उंचीला अर्थ आहे, आणि बराच आहे. पण तो जिथे आहे असं आपण धरून चालतो तिथे कमी आहे आणि भलतीकडेच जास्त आहे.

खिशातलं पत्र

आधी एक तपशील, जो मला या प्रकरणात सगळ्यात बोलका वाटतो. ड्राफ्टपूर्वी संघांच्या मुलाखतींना जाताना हटसनने सोबत डॉक्टरांचं पत्र नेलं होतं. मजकूर असा, की या मुलाची हाडं वयाच्या मानाने मागे आहेत, त्यामुळे त्याची वाढ अजून थांबलेली नाही.

यामागचं वैद्यकशास्त्र साधं आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात आणि उंची तिथेच वाढते. किशोरवय संपता संपता हे थर हाडात मिसळून जातात आणि वाढ थांबते. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हे थर किती उघडे आहेत ते पाहतात आणि त्यावरून हाडांचं वय सांगतात. जन्मतारखेनुसार अठरा वर्षांच्या मुलाचं हाडांचं वय त्याहून कमी निघू शकतं. तसं निघालं तर अजून थोडी वाढ बाकी आहे असा अंदाज करता येतो. पण तो अंदाजच. आज हटसनची नोंद ५ फूट ९ इंच अशी आहे. पत्र अगदीच खोटं ठरलं नाही, पण त्याने त्याला उंच खेळाडूंच्या रांगेतही नेऊन बसवलं नाही. एनएचएल खेळाडूची सरासरी उंची ६ फूट १ इंचाच्या जवळपास असते. हटसन तिच्यापेक्षा चार इंचांनी कमीच राहिला.

आता जरा त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमाच्या संघातून तो आलेला होता. बर्फावर काय घडणार आहे हे त्याला इतरांच्या आधी दिसतं, हे त्याचा खेळ पाहिलेल्या कोणालाही कळत होतं. तरी त्याला पुरावा द्यावा लागला तो मनगटाच्या हाडांचा. सहा फूट चार इंचांच्या एखाद्या मुलाला ‘तुला खेळ समजतो याचं पत्र आण’ असं कोणी सांगत नाही. त्याला समज पुढे येईल असं गृहीत धरलं जातं. इथे पारडं एका बाजूला झुकलेलं आहे, आणि ते बर्फावर पाऊल पडण्याच्या आधीच झुकलेलं आहे.

आधीच्या ६१ निवडी

त्या वर्षी हटसनच्या आधी कोणते बचावपटू गेले ते पाहण्यासारखं आहे. सिमोन नेमेत्स दुसरा, डेव्हिड यिरिचेक सहावा, केविन कोर्चिन्स्की सातवा. १८व्या जागी लियान बिक्सेल, उंची साडेसहा फुटांच्या घरात. २१व्या जागी ओवेन पिकरिंग आणि २५व्या जागी सॅम रिंझेल, दोघेही ६ फूट ४ इंचांच्या आसपास. २९व्या जागी मॅव्हरिक लामुरो, ६ फूट ७ इंच. हे सगळे गुणी आहेत आणि त्यांच्यापैकी काहींची कारकीर्द लांब होईल. त्यांना कमी लेखायचं म्हणून ही नावं घेत नाही. पण पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात संघ कशावर पैज लावत होते, ते या रांगेवरून स्पष्ट दिसतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेक जण सांगायची विसरतात. ज्या माँट्रियलला या निवडीचं श्रेय मिळतं, त्याच माँट्रियलने हटसनला त्या ड्राफ्टमध्ये तीन वेळा सोडून दिलं होतं. पहिल्या क्रमांकावर त्यांनी युराय स्लाफकोव्स्की घेतला : ६ फूट ३ इंच, भक्कम बांध्याचा स्लोवाक विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आघाडीपटू. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १७व्या वर्षी ७ गोल करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. २६व्या क्रमांकावर फिलिप मेशार, ३३व्यावर ओवेन बेक, आणि मग ६२व्यावर हटसन. ही ६२वी निवडही मुळात त्यांची नव्हती. ब्रेट कुलाक या बचावपटूला एडमंटनकडे पाठवताना बदल्यात मिळालेल्या हक्कातून ती आली होती.

म्हणून ‘माँट्रियलने उंचीकडे पाहिलंच नाही’ हे म्हणणं खरं नाही. त्यांनी उंचीकडे पाहिलं, तिची किंमत लावली, आणि भाव पुरेसा उतरल्यावर माल उचलला. व्यवस्थापक केंट ह्यूज यांच्या नव्या कारभाराचा हा पहिलाच ड्राफ्ट होता आणि पहिली निवड चुकली असती तर ती वर्षानुवर्षं उगाळली गेली असती. ६२वी निवड चुकली असती तर कोणाच्या लक्षातही राहिली नसती. दुसऱ्या फेरीच्या शेवटी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलं एनएचएलमध्ये पक्की होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अपयश जिथे स्वस्त पडतं तिथेच माणसं बुटक्या खेळाडूवर हात ठेवतात. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. नोकरी सांभाळणारा कोणीही असाच हिशेब करेल. मात्र त्या हिशेबाला हॉकीचं ज्ञान म्हणू नये.

हे नवीनही नाही. २०१९ साली कोल कॉफील्डने अमेरिकेच्या त्याच विकास संघाकडून ६४ सामन्यांत ७२ गोल केले होते. १८ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत १४ गोल करून त्याने अलेक्झांडर ओव्हेच्किनच्या विक्रमाशी बरोबरी साधली होती. उंची ५ फूट ७-८ इंच. १४ संघांनी त्याला सोडलं आणि पंधराव्या क्रमांकावर माँट्रियलने घेतलं. जॉनी गॉद्रो २०११ मध्ये १०४व्या क्रमांकावर गेला आणि पुढे २०२१-२२ च्या मोसमात त्याने ११५ गुण केले. थिओ फ्लुरी, ५ फूट ६ इंच, १९८७ मध्ये १६६वा. त्याने १९९०-९१ मध्ये ५१ गोल मारले. चाळीस वर्षांत आकडे थोडे सुधारले आहेत, पण प्रश्न विचारायची रीत फारशी बदललेली नाही.

स्काऊट मूर्ख नव्हते

स्काऊटांची, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांची, बाजूही पुरती मांडली पाहिजे, नाहीतर हा अभ्यास म्हणजे नुसती आरती होईल.

बचावपटूला उंची कशासाठी लागते? पहिलं कारण पल्ला. खांद्यापासून स्टिकच्या पात्यापर्यंत जे वर्तुळ तयार होतं तेवढ्या जागेत तो पास अडवू शकतो. एनएचएलच्या नियमानुसार स्टिकचा दांडा ६३ इंचांपेक्षा लांब असता कामा नये. साडेसहा फूट वा त्याहून उंच खेळाडूला मात्र मागितल्यास ६५ इंचांपर्यंत सवलत मिळते. म्हणजे आधीच लांब हात असलेल्याला स्टिकही लांब. लीगच्या इतिहासातल्या सर्वांत उंच खेळाडूंपैकी एक असलेला ६ फूट ९ इंचांचा झ्देनो खारा समोर उभा राहिला की आघाडीपटूंना अर्धं मैदान बंद झाल्यासारखं वाटत असे, त्याचं कारण हे.

दुसरं कारण आपल्या गोलसमोरची जागा. विरोधी संघाचा दांडगा आघाडीपटू गोलरक्षकाच्या नजरेआड उभा राहतो आणि त्याला तिथून हलवणं हे बचावपटूचं काम असतं. हे काम चपळाईने होत नाही, त्याला वजन आणि ताकद लागते. तिसरं कारण बोर्ड्सलगतची, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीलगतची, झटापट. एनएचएलचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, युरोपातल्या जुन्या मैदानांपेक्षा अरुंद. निसटायला जागा कमी, त्यामुळे धडका जास्त. आणि उंचीतला फरक मोठा असला की उंच माणसाचा खांदा बुटक्याच्या डोक्याच्या पातळीला येतो. २०१० पासून डोक्यावरच्या धडकेसाठी स्वतंत्र नियम आहे. पण नियमामुळे शिक्षा होते, झालेली दुखापत भरून येत नाही.

शिवाय ज्युनियर हॉकीत गुणांचा पाऊस पाडणारे छोटे बचावपटू दरवर्षी दिसतात आणि त्यातले बरेचसे व्यावसायिक हॉकीत विरून जातात. तिथे मिळणारा अर्ध्या-पाऊण सेकंदाचा मोकळा वेळ इथे मिळत नाही. ज्याची सगळी जादू त्या वेळावर उभी असते त्याची जादू संपते. हटसनही त्यातलाच निघेल ही शंका २०२२ मध्ये रास्त होती. त्याच्या पत्राला स्काऊट हसले असतील असं मी मानत नाही. त्यांनी ते वाचलं असेल आणि मनात म्हटलं असेल, ‘वाढला तरी किती वाढणार?’

मग त्याने काय केलं

तो लगेच व्यावसायिक झाला नाही. दोन वर्षं बोस्टन युनिव्हर्सिटीकडून खेळला. पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत ४८ गुण, दुसऱ्या वर्षी ३८ सामन्यांत ४९. महाविद्यालयीन हॉकीचे दोन गुण इथे कामी येतात. तिथे प्रतिस्पर्धी बावीस-चोवीस वर्षांचे, अंगाने पुरते भरलेले असू शकतात, त्यामुळे एखादी युक्ती मोठ्या माणसांवर चालते का हे खरोखर कळतं. आणि वर्षाला सामने चाळीसच्या आसपासच असतात, म्हणून जिममध्ये अंग कमवायला आठवडे मिळतात. हटसनच्या शंकेखोरांना जे उत्तर हवं होतं ते इथे मिळत होतं, इंचांत नव्हे तर प्रसंगांत. २०२४ च्या एप्रिलमध्ये तो माँट्रियलकडून मोसमातले शेवटचे दोन सामने खेळला. त्या ऑक्टोबरपासून तो संघाचा पक्का बचावपटू झाला.

त्याचा खेळ शब्दांत पकडणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. निळ्या रेषेजवळ, म्हणजे विरोधी संघाच्या भागाच्या सीमेवर, त्याच्याकडे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, येतो. समोरचा आघाडीपटू शॉट अडवायला धावतो. हटसन खांदा डावीकडे टाकतो, डोकं डावीकडे वळवतो, आणि स्केटच्या कडेवर उजवीकडे सरकतो. हे सगळे करतात. वेगळेपण पुढे आहे. पहिली हूल यशस्वी झाली की बहुतेक बचावपटू लगेच शॉट मारतात किंवा पास देतात. हटसन दुसऱ्याची वाट पाहतो. तो दुसराही जागा सोडून आला की मागे जी पोकळी तयार होते तिकडे पक जातो. एका पकने दोन माणसं हलवायची आणि मग त्यांच्यामधून पास द्यायचा. ६० असिस्ट अशा क्षणांतून येतात.

बचावातही तेच डोकं, वेगळ्या कामाला. पल्ला कमी असल्यामुळे त्याला माणसाच्या जवळ राहावं लागतं, आणि जवळ राहायचं तर उलट्या स्केटिंगचा वेग आणि झटकन वळण्याची ताकद हवी. ती त्याच्याकडे आहे. समोरच्याचं शरीर थांबवण्याच्या फंदात तो पडत नाही. पास कुठे जाणार हे ओळखून तो आधीच त्या वाटेवर स्टिक नेऊन ठेवतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पक हातात आला की तो स्वतःच्या भागातून पटकन बाहेर नेतो. आपल्या गोलसमोर झटापट करावीच लागू नये, हाही बचावच आहे.

तरी उणीव पूर्ण झाकली जात नाही आणि संघाने ती झाकली असं भासवलंही नाही. त्या मोसमात हटसन सामन्याला सरासरी २२ मिनिटांहून जास्त खेळला, पण पेनल्टी किलमध्ये, म्हणजे एक खेळाडू कमी असताना, त्याला फारसं उतरवलं जात नसे. त्या कामाला उंच, जड गडी होते. उंचीला अर्थ नसता तर ही वाटणी करावी लागली नसती. खेळाडूकडे जे आहे त्यातून जास्तीत जास्त काढायचं आणि जे नाही ते दुसऱ्याकडून भरून घ्यायचं, हा साधा शहाणपणा इथे संघाने पाळला.

बाकावरचा माणूस

हे प्रकरण दुसऱ्या एखाद्या गावी असंच घडलं असतं का? मला शंका आहे. माँट्रियलच्या खेळाडूंच्या बाकामागे तेव्हा प्रशिक्षक म्हणून मार्टिन सेंट लुई उभा होता.

सेंट लुई स्वतः ५ फूट ८ इंच. कोणत्याही ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. व्हर्माँट विद्यापीठातून तो आला, कॅल्गरीने त्याला थोडं खेळवलं आणि २००० मध्ये सोडून दिलं. टँपा बेने त्याला उचललं. २००३-०४ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक ९४ गुण केले, सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी घेतली आणि स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही, जिंकला. २०१२-१३ च्या छोट्या मोसमात, ३७ व्या वर्षी, तो पुन्हा गुणांच्या यादीत पहिला आला. इतक्या वयात हे करणारा तो पहिलाच. एकूण १,१३४ सामने, १,०३३ गुण.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तो माँट्रियलचा प्रशिक्षक झाला तेव्हा कॉफील्डची अवस्था वाईट होती : ३० सामन्यांत एक गोल. उरलेल्या ३७ सामन्यांत त्याच कॉफील्डने २२ गोल केले. या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. मुलगा तोच, मोसम तोच, आणि त्याची उंची फेब्रुवारीत वाढली नव्हती. बदलला तो त्याच्याकडे पाहणारा माणूस. पहिल्या तीस सामन्यांनंतर कोणी ‘लीगसाठी लहान पडतो’ असा निकाल लिहिला असता तर तो निकाल कागदावर अगदी पक्का दिसला असता.

म्हणून हटसन पोहोचला तेव्हा वाट थोडी मोकळी होती. मोसमाच्या सुरुवातीला त्याच्याकडून बचावात चुका झाल्या, पक गमावले गेले. तरी प्रशिक्षकाने त्याची मिनिटं छाटली नाहीत. उंच नवोदिताला अशी सवलत सहसा न मागता मिळते. त्याच संघात स्लाफकोव्स्कीने पहिल्या मोसमात ३९ सामन्यांत १० गुण केले आणि नंतर तो जखमी झाला, तरी ‘याला वेळ द्या’ हे सूत्र संघाने सोडलं नाही. ते बरोबरच होतं : दुसऱ्या मोसमात तो ५० गुणांवर पोहोचला. छोट्या खेळाडूला मात्र पहिली चूक ‘बघा, सांगितलं होतं’ या शब्दांत परत मिळते. दोघांना सारखाच धीर देणारा प्रशिक्षक हटसनला मिळाला, हा या प्रकरणातला नशिबाचा भाग. तो वगळून बाकीचं गणित मांडलं तर उत्तर चुकतं.

नियमांनी काय बदललं

थोडक्यात सांगतो, कारण हा भाग बऱ्याच जणांना माहीत आहे. २००४-०५ चा मोसम टाळेबंदीत गेला. २००५ मध्ये खेळ परतला तेव्हा पंचांनी स्टिकने ओढणं, धरणं, पक नसलेल्या खेळाडूला अडवणं यांवर कडक शिक्षा सुरू केली, आणि दोन रेषा ओलांडणाऱ्या लांब पासवरची बंदी उठली. त्याआधी मंद पण उंच बचावपटू वेगवान माणसाला स्टिकने अडकवून ठेवू शकत असे. आता त्याला पायांनी गाठावं लागतं. आणि लांब पास देऊ शकणाऱ्या बचावपटूची किंमत वाढली. क्विन ह्यूज, ५ फूट १० इंच, २०२४ मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला. जॅरेड स्पर्जन, ५ फूट ९ इंच, मिनेसोटाचा कर्णधार झाला. हटसन या उघडलेल्या दारातून आला आहे. तो १९७५ मध्ये जन्माला आला नाही, हेही त्याचं नशीब.

गोलपोस्टच्या मधली गोष्ट

२०२५ च्या कॅल्डरसाठी शेवटच्या तिघांत हटसनसोबत मॅक्लिन सेलेब्रिनी होता, २०२४ ची पहिली निवड, आणि तिसरा कॅल्गरीचा गोलरक्षक डस्टिन वुल्फ. वुल्फ २०१९ मध्ये २१७ पैकी २१४वा निवडला गेला होता. उंची ६ फूट. रस्त्यावर कोणी त्याला बुटका म्हणणार नाही. पण आजच्या गोलरक्षकांत ६ फूट ही उंची कमीच गणली जाते.

गोलची चौकट ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. आधुनिक गोलरक्षक गुडघ्यांवर बसून पाय दोन्ही बाजूंना पसरतो आणि खालची बाजू बंद करतो. असं बसल्यावर त्याचे खांदे कुठपर्यंत पोहोचतात यावर वरचे कोपरे उघडे की बंद हे ठरतं. उंच गोलरक्षकाचे खांदे नुसते बसूनच तिथे पोहोचतात. कमी उंचीच्या गोलरक्षकाला कोन आवळायला चौकटीतून थोडं पुढे यावं लागतं, आणि पुढे आलं की आडव्या पासवर परतायचं अंतर वाढतं. ते अंतर त्याला पायांनी आणि अंदाजाने कापावं लागतं. वुल्फ ते कापतो. पण इथे उंचीचा फायदा थेट भूमितीचा आहे, पूर्वग्रहाचा नाही. विंगरला चार इंच कमी असणं आणि गोलरक्षकाला चार इंच कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बचावपटू या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. ‘हॉकीत उंची लागते का?’ हा प्रश्न जागा न सांगता विचारला की चर्चेचा चोथा होतो, तो यामुळे.

एप्रिलनंतर

सर्वांत अवघड पुरावा प्लेऑफचा, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचा. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दिवसाआड सामने. अंगावरचे घाव साचत जातात. पंच शिट्ट्या कमी वाजवतात अशी अनेक जाणकारांची तक्रार असते. २०२३ मध्ये वेगासने कप जिंकला तेव्हा त्यांचे सहाही नेहमीचे बचावपटू सहा फुटांवरचे होते. २०२४ आणि २०२५ मध्ये कप नेणारा फ्लोरिडाचा संघही अंगावर येऊन खेळणारा. हे योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत.

माँट्रियलला २०२५ च्या पहिल्या फेरीत वॉशिंग्टनने ४-१ असं हरवलं. चौथ्या सामन्यात ६ फूट ४ इंचांच्या टॉम विल्सनने माँट्रियलचा ५ फूट ११ इंचांचा बचावपटू अलेक्झांडर कॅरिये याला जोरदार धडक दिली. कॅरिये पडला, पक सुटला, आणि काही सेकंदांत वॉशिंग्टनचा गोल झाला. त्याआधी माँट्रियल आघाडीवर होतं. ती धडक पाहताना मला वाटलं, २०२२ मध्ये स्काऊटांच्या मनात जे चित्र होतं ते हेच असणार. तिथे हटसनही असू शकला असता. त्या मालिकेत तो टिकला, खेळला, पण संघ हरला.

व्यवस्थापनाने यातून काय घेतलं ते त्यांच्या पुढच्या दोन कृतींतून दिसतं. जून २०२५ मध्ये त्यांनी पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि एक खेळाडू देऊन न्यूयॉर्क आयलंडर्सकडून नोआ डॉब्सनला आणलं : बचावपटू, ६ फूट ४ इंच. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी हटसनशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला सरासरी ८८.५ लाख डॉलर, एकूण ७ कोटी ८ लाख. एका हाताने उंची विकत घेतली आणि दुसऱ्या हाताने ५ फूट ९ इंचांवर आठ वर्षं लावली. मला या दोन कृतींत विरोध दिसत नाही. उंचीची गरज संघाला असते आणि ती सहा जणांत मिळून भागवता येते. ती प्रत्येकात वेगवेगळी असलीच पाहिजे हा हट्ट ड्राफ्टच्या टेबलावर धरला जातो, आणि ६१ नावं पुढे जातात ती तिथे.

हटसनचा धाकटा भाऊ कोल हाही बचावपटू. तोही त्याच विकास कार्यक्रमातून आला, त्यानेही तेच विद्यापीठ निवडलं, आणि उंचीने तो लेनपेक्षा थोडासाच जास्त. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने त्याला घेतलं तोपर्यंत लेनची दोन महाविद्यालयीन वर्षं सगळ्यांनी पाहिली होती. पुढच्या जानेवारीत संपलेल्या वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत कोलने सर्वाधिक गुण केले. त्या स्पर्धेत एखादा बचावपटू गुणांत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक होता ४३.